अभिव्यक्तीची मर्यादा आणि स्त्रीसमतेचा निकष

अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि स्त्रीपुरुषसमता ही दोन्ही मूल्ये आधुनिक मराठी विचारविश्वात एकाच शतकात, किंबहुना एकाच पिढीत रुजली. जॉन स्टुअर्ट मिलचे विचारस्वातंत्र्यावरील पुस्तक १८५९ मधले आणि स्त्रियांच्या पराधीनतेवरील पुस्तक १८६९ मधले. एकाच लेखकाच्या या दोन ग्रंथांमागे एकच तत्त्वदृष्टी होती. मराठी समीक्षेने मात्र या दोन मूल्यांची चर्चा प्रायः वेगवेगळ्या दालनांत केली. अभिव्यक्तीची चर्चा श्लील-अश्लीलतेच्या वादात, नाट्यपरिनिरीक्षणाच्या आणि ग्रंथबंदीच्या संदर्भात झाली. स्त्रीसमतेची चर्चा समाजसुधारणेच्या इतिहासात आणि पुढे स्त्रीवादी समीक्षेत झाली. या विभागणीचा परिणाम असा की, 'लेखकाने किती बोलावे' हा प्रश्न शेकडो वेळा विचारला गेला. 'कोणाला बोलता येत नाही' हा प्रश्न त्या वादात जवळजवळ उपस्थितच झाला नाही. अभिव्यक्तीला मर्यादा असावी की नसावी, हा मुळात अपुरा प्रश्न आहे. मर्यादा कोणत्या निकषावर ठरते, सभ्यतेच्या की समतेच्या, हा खरा प्रश्न आहे. आणि गेल्या दीडशे वर्षांतील मराठी अनुभव असा की, सभ्यतेच्या निकषाने स्त्रीचे रक्षण क्वचितच झाले, तिचे मौन मात्र वारंवार पक्के झाले.

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वाङ्मयीन वर्तुळातून पाहिला तर त्याचे एकच अंग दिसते. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांबा यासारख्या गावातून पाहिला तर दुसरे अंग दिसू लागते. मराठीतील वाङ्मयीन अश्लीलतेच्या कोणत्याही गाजलेल्या खटल्यात या गावाचे नाव येत नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. केसरी-सुधारक वादाचे पडसाद इथवर पोहोचले असतील तर ते फार क्षीणपणे. तथापि ज्या संविधानाने अभिव्यक्तीचा आणि समतेचा हक्क एकाच वेळी दिला, ते संविधान इथल्या स्त्रीलाही १९५० मध्येच लागू झाले. तिच्या दृष्टीने या दोन हक्कांचा परस्परसंबंध काय, हे पाहिल्याशिवाय मर्यादांची चर्चा पूर्ण होत नाही.

१.

या विषयाचा आरंभ १८८२ पासून करावा लागतो. १८८१ मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःच्या अर्भकाची हत्या केल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती सौम्य करण्यात आली. या प्रकरणाच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून विधवांच्या आणि एकूणच स्त्रियांच्या स्वैराचारावर कोरडे ओढले जाऊ लागले. 'पुणे वैभव' हे सनातनी पत्र त्यात अग्रभागी होते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी या लेखनाला उत्तर म्हणून 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध लिहिला. तो पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापला गेला. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

या घटनेकडे बहुधा स्त्रीमुक्तीच्या इतिहासाचा आरंभबिंदू म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु अभिव्यक्तीच्या इतिहासातही तिला तितकेच महत्त्वाचे स्थान आहे, ही गोष्ट दुर्लक्षित राहिली. एका संपूर्ण मानवसमूहाविषयी मुद्रित माध्यमातून तुच्छतेचे लेखन होत असता त्याचे काय करावे, हा आजच्या चर्चेतला कळीचा प्रश्न ताराबाईंसमोर प्रत्यक्ष उभा होता. त्यांनी त्या पत्रावर बंदी मागितली नाही, सरकारकडे अर्ज केला नाही. त्यांनी शब्दाला शब्दाने उत्तर दिले. एवढेच नव्हे, तर वृत्तपत्री निंदेच्या मुळाशी असलेली वाङ्मयीन परंपराही त्यांनी तपासली. 'स्त्रीचरित्र', 'मुक्तामाला', 'मनोरमा' यांसारख्या तत्कालीन कृतींतील स्त्रीचित्रणाचा त्यांनी घेतलेला समाचार हा मराठीतील स्त्रीवादी समीक्षेचा पहिला पाठ होय. स्त्री ही कपटी, साहसी आणि चंचल असते हे विधान कोणी केले, कोणत्या अनुभवावर केले आणि ते विधान उलट दिशेने लावून पाहिले तर काय दिसते, अशी त्यांची तर्कपद्धती आहे.

उदारमतवादी परंपरेचे एक प्रिय सूत्र असे आहे की, वाईट वाणीवरचा उपाय म्हणजे अधिक वाणी. ताराबाईंचे पुस्तक हा या सूत्राचा मराठीतील पहिला मोठा प्रयोग मानला तर त्याचा निकालही पाहावा लागतो. पुस्तकाची टवाळी झाली. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेऊन टवाळखोरांची कानउघाडणी केली. पण फुल्यांसारखा पाठीराखा हा अपवाद होता. ताराबाईंनी त्यानंतर दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही. निबंध विस्मृतीत गेला, तो १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत. म्हणजे ज्या लेखनाला हे उत्तर होते ते लेखन घडविणारी परंपरा अखंड चालू राहिली, आणि उत्तर त्र्याण्णव वर्षे गप्प राहिले. कोणत्याही न्यायाधीशाने त्या निबंधावर बंदी घातली नव्हती. कायद्याने ताराबाईंचे स्वातंत्र्य हिरावले नाही. उपहासाने आणि उपेक्षेने ते निष्फळ केले.

यातून एक तात्त्विक निष्कर्ष निघतो. 'अधिक वाणी' हा उपाय तेव्हाच उपाय ठरतो, जेव्हा उत्तर देणाऱ्याची पत आरोप करणाऱ्याच्या बरोबरीची असते. छापखाना, वर्गणीदार, सभागृह, शिक्षण आणि समाजमान्यता हे सर्व एका बाजूला असता दोन्ही बाजूंना बोलण्याची समान मुभा आहे असे म्हणणे म्हणजे नदीच्या दोन्ही काठांना पोहण्याचे स्वातंत्र्य देऊन नाव मात्र एकाच काठाला बांधून ठेवण्यासारखे आहे. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा अर्थ केवळ निर्बंधाचा अभाव नव्हे. बोललेले ऐकले जाण्याची शक्यता हाही त्या अर्थाचा भाग आहे.

२.

उपहासाचे हे शस्त्र किती प्रभावी होते, याचे गमक स्त्रियांच्या लेखननामांत सापडते. ताराबाईंनी स्वतःच्या नावाने लिहिले. अवघ्या तीन वर्षांनी, १८८५ मध्ये, रखमाबाईंनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविषयीची पत्रे लिहिली ती इंग्रजी वृत्तपत्रात, आणि 'एक हिंदू स्त्री' या अर्थाच्या आवरणनामाने. ज्या बाईला पतीच्या घरी नांदायला जाण्यास नकार दिल्यावरून पुढे न्यायालयाने तुरुंगवासाचा धाक घातला, तिला आपले म्हणणे मांडण्यासाठी भाषाही बदलावी लागली आणि नावही झाकावे लागले. त्यानंतर जवळजवळ अर्धशतकाने, १९३३ मध्ये, 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यावर नाव होते विभावरी शिरूरकर. सुशिक्षित प्रौढ कुमारिकांच्या मनातील घुसमट त्यात मांडलेली होती. पुस्तकाने खळबळ माजविली आणि लेखिका कोण याचा शोध सुरू झाला. बाळूताई खरे, म्हणजे पुढील काळातील मालतीबाई बेडेकर, हे नाव त्यामागे होते.

मराठी पुरुष कवींनीही टोपणनावे घेतली. केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज ही नावे वाङ्मयीन व्यक्तिमत्त्वाची आभूषणे आहेत. त्यांमागील माणूस सर्वांना ठाऊक होता आणि ठाऊक असण्यात त्याला धोका नव्हता. स्त्रीचे टोपणनाव हे आभूषण नव्हते, ते चिलखत होते. ज्या समाजात लिहिण्याला कायद्याची आडकाठी नाही, पण लिहिणाऱ्या स्त्रीला नाव लपवावे लागते, त्या समाजातील अभिव्यक्तिस्वातंत्र्य हे संविधानाच्या कलमावरून मोजता येत नाही.

याच दशकात न्यायालयात दुसरे नाट्य चालले होते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. संततिनियमन, लैंगिक आरोग्य आणि स्त्रीच्या कामजीवनावरील तिचा स्वतःचा अधिकार हे त्याचे विषय होते. १९३१ मध्ये 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून दुसरा खटला झाला. त्यात कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही, हा त्यांच्या बचावाचा गाभा होता. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव आंबेडकरांच्या पक्षातर्फे आला. त्यासाठी आंबेडकरांनी लिहिलेले भाषण पी. जे. रोहम यांनी मांडले. ठराव फेटाळला गेला.

आंबेडकरांनी कर्व्यांचा खटला घ्यावा, तोच विचार विधिमंडळात ठरावरूपाने आणावा, संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषवावे आणि हिंदू कोड बिल रखडल्यामुळे १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा द्यावा, या घटना सुट्या नाहीत. अभिव्यक्तीचा हक्क आणि स्त्रीचा हक्क ही एकाच प्रश्नाची दोन रूपे आहेत, ही जाणीव त्यांना जोडते. 'समाजस्वास्थ्य'वर खटले भरणाऱ्यांचा दावा सार्वजनिक नीतीच्या रक्षणाचा होता. प्रत्यक्षात त्या खटल्यांनी रोखली ती माहिती. आणि ती माहिती ज्यांना सर्वाधिक हवी होती त्या स्त्रिया त्या खटल्यात ना फिर्यादी होत्या, ना साक्षीदार, ना न्यायाधीश. 'स्त्रीच्या कानावर हे पडू नये' या सद्हेतूने स्त्रीच्याच शरीराविषयीचे ज्ञान गुन्हा ठरले.

३.

स्वातंत्र्योत्तर काळात कायदा बदलला, निकषाची जात मात्र फारशी बदलली नाही. संविधानाच्या अनुच्छेद १९ मधील खंड (२) ज्या कारणांसाठी वाजवी निर्बंध घालण्याची मुभा देतो त्यांत सार्वजनिक सुव्यवस्था, अब्रुनुकसानी, न्यायालयाचा अवमान इत्यादींबरोबर 'सभ्यता किंवा नीतिमत्ता' यांचा समावेश आहे. 'समता' हा शब्द तेथे नाही. अश्लीलता ठरविण्यासाठी इंग्लंडमधील १८६८ च्या हिकलिन खटल्यातील कसोटी भारतीय न्यायालयांनी दीर्घकाळ वापरली. अनीतीच्या प्रभावाला सहज बळी पडणाऱ्या मनावर लेखनाचा काय परिणाम होईल, हे त्या कसोटीत पाहिले जाई. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बाजूला सारून समकालीन समाजमानसाची कसोटी पुढे आणली. बिघडणारे मन कोणाचे, याविषयीचे गृहीत मात्र सर्वत्र एकच राहिले. ते मन वाचक पुरुषाचे, त्यातही तरुण पुरुषाचे. वर्णिल्या जाणाऱ्या स्त्रीचे काय होते, हा प्रश्न त्या कसोटीच्या कक्षेत येत नव्हता.

चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' या कथेचे उदाहरण घ्यावे. १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकातील या कथेवरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये लेखकाची निर्दोष मुक्तता झाली. निकाल स्वागतार्ह होता. परंतु सारा वाद कथेमुळे तरुणांची मने विकृत होतील काय, याभोवती फिरला. विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'चा वाद १९७२ मधला. परिनिरीक्षण मंडळाने सुचविलेल्या काटछाटीविरुद्ध कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि नाटक रंगभूमीवर राहिले. मराठी रंगभूमीच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने हा विजय होता यात शंका नाही. परंतु आक्षेप घेणाऱ्यांना काय खटकले हे पाहणे उद्बोधक आहे. त्यांना सखारामची भाषा खटकली, शिव्या खटकल्या, रंगमंचावर स्त्रीने मद्य घेणे खटकले. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून अन्नवस्त्राच्या मोबदल्यात त्यांच्यावर सर्व प्रकारचा हक्क सांगणारा पुरुष ही वस्तुस्थिती त्या मानाने कमी खटकली. समाजात चालणारी हिंसा अश्लील नाही, तिचा उच्चार अश्लील, असा हा न्याय आहे.

१९८६ चा स्त्रियांच्या असभ्य प्रतिरूपणास प्रतिबंध करणारा कायदा या दृष्टीने संक्रमणाचा टप्पा म्हणावा लागेल. त्याच्या व्याख्येत प्रथमच स्त्रीची अप्रतिष्ठा करणारे चित्रण हा मुद्दा आला, म्हणजे पाहणाऱ्याच्या नीतीबरोबर जिचे चित्रण होते तिचाही विचार झाला. पण त्याच व्याख्येत सार्वजनिक नीतीला धक्का हे जुने कारणही शेजारी बसलेले आहे, आणि सारा भर स्त्रीच्या देहाच्या चित्रणावर आहे. अंगभर लुगडे नेसलेली, पण बुद्धी नसलेली, मार खाऊन कृतार्थ होणारी स्त्री दाखविली तर या कायद्याला सहसा काही वावगे दिसत नाही.

४.

मग समतेचा निकष लावला तर मर्यादा कोठे पडतील? येथे तीन प्रकारच्या अभिव्यक्तीत भेद करणे आवश्यक आहे. त्यांची गल्लत हेच या चर्चेतील गोंधळाचे प्रमुख कारण आहे.

पहिला प्रकार, प्रचलित सभ्यतेला धक्का देणारी अभिव्यक्ती. कर्व्यांचे लेख, 'कळ्यांचे निःश्वास', तेंडुलकरांचे नाटक या प्रकारात मोडतात. येथे मर्यादा घालण्याचे कारणच नाही. स्त्रीच्या हक्काची जवळजवळ प्रत्येक मागणी प्रथम असभ्य वाटलेली आहे. शिकलेली स्त्री, विधवेचे लग्न, संततिनियमन, घटस्फोट या प्रत्येक शब्दाने एकेकाळी कोणाचे ना कोणाचे कान विटाळले आहेत.

दुसरा प्रकार, स्त्रीवर्गाविषयी तुच्छता व्यक्त करणारी अभिव्यक्ती. 'पुणे वैभव'मधील लेखन या प्रकारचे. येथे मोह बंदीचा होतो, आणि तो टाळला पाहिजे. कारण तुच्छतेवर बंदी घालणारा कायदा तुच्छतेची व्याख्या सत्तेच्या हाती देतो. 'स्त्रीपुरुषतुलना'ची भाषा आठवावी. पुरुषवर्गावर तिच्यात जे आसूड ओढले आहेत, शिव्याशाप दिले आहेत, ते पाहता असा कायदा त्या काळी असता तर त्याची पहिली आरोपी ताराबाईच ठरली असती. या प्रकाराला उत्तर द्यावयाचे ते शब्दानेच. परंतु त्या उत्तराला जागा देण्याची जबाबदारी संपादकांवर, अभ्यासमंडळांवर, समीक्षकांवर येते. त्र्याण्णव वर्षांच्या मौनाला सरकार जबाबदार नव्हते; वाङ्मयेतिहास लिहिणारे होते.

तिसरा प्रकार मात्र वेगळा आहे. येथे शब्द हा मतप्रदर्शन राहत नाही, तो कृती बनतो. विशिष्ट स्त्रीला धमकावून, तिची बदनामी करून, तिला सार्वजनिक जीवनातून हुसकावून लावण्यासाठी वापरलेली वाणी ही दुसऱ्याच्या वाणीचा गळा दाबण्याची कृती आहे. तिच्यावर मर्यादा घालणे म्हणजे अभिव्यक्तीचा संकोच नव्हे. तिचे रक्षण आहे. समतेवर थेट घाला घालणाऱ्या वाणीचे दुसरे उदाहरण गर्भलिंगनिदानाच्या जाहिरातीचे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये या निदानाला आळा घालणारा कायदा देशात प्रथम केला. केंद्राचा कायदा १९९४ मधला. केंद्राच्या कायद्याने अशा निदानाची जाहिरात करणे हाच गुन्हा ठरविला आहे. त्या जाहिरातींत एकही अश्लील शब्द नसे. भाषा सभ्य, सूर हितचिंतकाचा, मांडणी काटकसरीची. सभ्यतेच्या निकषाने त्या निर्दोष होत्या. समतेच्या निकषाने त्या प्राणघातक होत्या. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या बीड जिल्ह्यात ८०७ इतकी खाली आली होती, आणि ती राज्यात सर्वांत कमी होती. गळालेल्या मुलींचा हिशेब केवळ जाहिरातीच्या माथी मारता येणार नाही; पण कोणत्या शब्दावर मर्यादा हवी आणि कोणत्यावर नको, हे या आकड्याइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. समतेचा निकष आणला तर सत्तेला निर्बंधाचे आणखी एक हत्यार मिळेल, आणि अनुच्छेद १९ मधील यादी आधीच पुरेशी लांब आहे. हा आक्षेप हलक्याने घेण्यासारखा नाही. परंतु येथे यादीत नवा शब्द घालण्याची सूचना नाही. असलेल्या शब्दाचा अर्थ कोणी लावायचा आणि कशाच्या आधारे, एवढाच प्रश्न आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना आंबेडकरांनी संवैधानिक नीतिमत्तेची कल्पना मांडली. ती उपजत नसते, जोपासावी लागते, असा त्यांचा आशय होता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा न मानणारा निर्णय देताना बहुसंख्यांच्या नीतिकल्पनेपेक्षा संवैधानिक नीतिमत्ता श्रेष्ठ ठरविली. 'सभ्यता किंवा नीतिमत्ता' यांतील नीतिमत्ता ही जर संविधानाची असेल, तर समता तिच्यात आधीच अंतर्भूत आहे. असा अर्थ लावल्यास निर्बंधांचा परीघ वाढत नाही, उलट आकसतो. कारण केवळ कोणाला लाज वाटली म्हणून शब्द दाबण्याचा अधिकार त्या परिघातून बाहेर पडतो.

५.

आता पुन्हा चकलांब्याच्या परिसराकडे वळता येईल. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. या व्यवसायात मजुरांची गणना माणसांत होत नाही, 'कोयत्यां'त होते; एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल बहुधा पुरुषाच्या हाती पडते, मुकादमाशी बोलणी तोच करतो. भाषेच्या अभ्यासकाने या शब्दापाशी थांबावे. जी स्त्री निम्मे काम करते, मोळी डोक्यावर वाहते, पहाटे उठून भाकरी थापते, ती हिशेबाच्या भाषेत स्वतंत्र नामच नाही. ती एका हत्याराचा अर्धा भाग आहे. व्यवहाराची भाषा जिला मोजत नाही, तिला बोलण्याचे स्वातंत्र्य आहे असे म्हणण्यात कितपत अर्थ उरतो?

२०१९ मध्ये याच जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न वृत्तपत्रांतून पुढे आला आणि राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणात आलेल्या ब्याऐंशी हजारांहून अधिक स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाळीच्या दिवसांत काम चुकले तर 'खाडा' धरला जाणे आणि त्याचा दंड कापला जाणे, फडावर पाण्याची आणि आडोशाची सोय नसणे, अंगावरून जाण्याच्या तक्रारीवर कर्करोगाची भीती दाखवून थेट शस्त्रक्रियेचा सल्ला मिळणे, अशी कारणपरंपरा त्या वेळी समोर आली. यातील प्रत्येक कडीच्या मुळाशी दारिद्र्य आहे, हे खरे. पण दारिद्र्याच्या जोडीला एक शब्दहीनताही आहे. पाळी, अंगावरून जाणे, गर्भाशय हे शब्द मुकादमासमोर, ग्रामसभेत, कित्येकदा नवऱ्यासमोरही उच्चारता येत नाहीत. ते 'बाईच्या जातीला शोभत नाहीत'. १९३४ मध्ये न्यायालयाने ज्या विषयावरील उत्तरांना दंड केला, त्याच विषयावरचे मौन २०१९ मध्ये स्त्रियांना शरीराच्या अवयवाने फेडावे लागले. 'समाजस्वास्थ्य'चा खटला वाङ्मयेतिहासातील एक रंजक प्रकरण नाही, तो ऊसाच्या फडापर्यंत पोहोचतो, तो असा.

या प्रदेशातील स्त्रिया मुक्या होत्या, असा याचा अर्थ नव्हे. जात्यावरच्या ओवीत त्यांनी शतकानुशतके सारे काही सांगितले: सासुरवास, भावाची ओढ, लेकीचा जन्म, विठ्ठलाशी भांडण. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी संकलित केलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर जाते. गेवराईशेजारच्या माजलगावात, भीमनगरातील दलित स्त्रियांच्या ओव्या १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांत आंबेडकरांविषयीच्या ओव्या आहेत. म्हणजे ज्या वकिलाने कर्व्यांचा खटला लढविला, त्याचे नाव या बायकांच्या जात्यापर्यंत आले होते. परंतु ओवी पहाटेची, घरातली, बाईने बाईसाठी गायलेली. ज्याने ऐकायला हवे तो त्या वेळी झोपलेला असे. लोकसाहित्याचे अभ्यासक ओवीला स्त्रीच्या मुक्त अभिव्यक्तीचा नमुना म्हणून गौरवितात, तेव्हा त्या मुक्तीला भिंत होती हे विसरले जाते. ज्या वाणीला उत्तर द्यावे लागत नाही तिला सहन करणे समाजाला सोपे जाते.

ती भिंत ओलांडण्याची वाट आज कागदावर आहे. १९९३ पासून ग्रामपंचायतीत स्त्रियांना एक-तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याचीही तरतूद आहे. परंतु सभेत कोणते शब्द उच्चारता येतात, हे आरक्षणाने ठरत नाही. निवडून आलेल्या बाईच्या खुर्चीशेजारी तिचा नवरा बसून बोलतो, हे दृश्य इतके परिचयाचे आहे की त्याला मराठीत 'सरपंचपती' असा शब्दच रूढ झाला आहे. ताराबाईंना उपहासाने गप्प केले, बाळूताईंना नाव बदलावे लागले. या बाईचे नाव फलकावर आहे, आवाज मात्र दुसऱ्याचा आहे.

म्हणून अभिव्यक्तीच्या मर्यादांची चर्चा लेखक आणि न्यायालय या दोघांपुरती ठेवणे पुरेसे नाही. तिसरा पक्ष नेहमीच होता. त्याला कोणी समन्स काढले नाही एवढेच. महाविद्यालयांतून 'स्त्रीपुरुषतुलना' शिकविताना ती केवळ स्त्रीवादाच्या घटकात न ठेवता अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या घटकातही ठेवावी, 'समाजस्वास्थ्य'चे खटले केवळ कर्व्यांच्या चरित्रात न वाचता स्त्रीच्या ज्ञानाधिकाराचा इतिहास म्हणून वाचावेत, एवढे तरी मराठी विभागांच्या हाती आहे. गेवराई-माजलगावच्या महाविद्यालयांत पदवीला बसलेल्या मुलींपैकी कित्येकींच्या आया हंगामात फडावर असतात. त्या मुलीला आपल्या आईच्या आजाराचे नाव वर्गात, खालच्या मानेने नव्हे, उच्चारता आले, की त्या गावापुरता हा खटला निकालात निघेल. तोपर्यंत तो प्रलंबितच म्हणावा लागेल.